फंड हाऊसमधला इकॉनॉमिस्ट दिवसभर करतो तरी काय

गोखले इन्स्टिट्यूटमधल्या एका ज्युनियर मुलीने मागे फोनवर विचारलं, "दादा, फंड हाऊसमधला इकॉनॉमिस्ट दिवसभर करतो तरी काय?" बराच वेळ सांगत बसलो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निम्मं राहिलंच, म्हणून लिहून काढतोय. लंडनमधे एका अ‍ॅसेट मॅनेजमेंट कंपनीत आहे, नाव सांगत नाही कारण आमच्याकडे कंप्लायन्सवाल्यांना विचारल्याशिवाय शिंकायची सोय नाही. पेन्शन फंडांचे, विमा कंपन्यांचे, थोडेफार साध्या लोकांचे पैसे आम्ही जगभरच्या बाँडमधे, म्हणजे कर्जरोख्यांत, आणि शेअरमधे लावतो, आणि जे लावतात त्यांना अर्थव्यवस्थेबद्दल सांगणं हे माझं काम. मी स्वतः एक पाउंडही लावत नाही.

मागचं पटकन सांगतो. सांगलीचा. वडील, म्हणजे अण्णा, तिथल्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. विलिंग्डनला बीए, पुण्यात गोखलेला एमए, मग एज्युकेशन लोन काढून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला, म्हणजे एलएसईला, एक वर्षाचं एमएससी. २०११ ला पास झालो तेव्हा पोस्ट स्टडी वर्क व्हिसा मिळायचा, दोन वर्षं इथं राहा आणि नोकरी शोधा. एप्रिल २०१२ मधे सरकारने तो बंदच करून टाकला. म्हणजे माझ्या पुढच्याच बॅचची माझ्याहून हुशार पोरं डिग्री घेऊन परत गेली आणि मी राहिलो, यात माझं कर्तृत्व शून्य. करिअरच्या गोष्टी सांगताना लोक नेमका हा भाग गाळतात म्हणून मुद्दाम लिहिला.

आता नोकरीचं. मार्केटमधे दोन बाजू असतात, सेल साइड आणि बाय साइड. मोठ्या बँकांचे इकॉनॉमिस्ट सेल साइडला, त्यांचे रिपोर्ट शेकडो क्लायंटना जातात, टीव्हीवर तेच दिसतात, तिथं तुमचं नाव व्हावं लागतं म्हणून मत जरा ठसठशीत लागतं, थोडं टोकाचं असलं तर अजून बरं. बाय साइडला म्हणजे आमच्याकडे लिहिलेलं बाहेर फारसं कुणी वाचत नाही, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस त्यावर खरे पैसे लावतो आणि सहा महिन्यांनी तो तिथंच बसलेला असतो. कॅन्टीनमधे पण भेटतो. हा फरक कुठल्याच पुस्तकात धड लिहिलेला नाही, नोकरीत गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पाठीतून जाणवतो.

इंटरव्ह्यूला मला एका खोलीत बसवलं, हंगेरीचे आकडे छापलेले कागद दिले, एक लॅपटॉप ज्यावर इंटरनेट नाही, आणि सांगितलं की एक नोट लिही, मग आम्हाला समजावून सांग. २०१२ ची गोष्ट. हंगेरीत व्याजदर ७ टक्के, लोकांनी घरासाठी स्विस फ्रँकमधे कर्जं घेतलेली, फ्रँक चढला की लोकांचे हप्ते चढतात, त्यामुळे सेंट्रल बँक दर कमी करायला घाबरणार कारण त्यांचं चलन, फोरिंट, पडला तर घरोघर बोंब. हे सगळं मी छान मांडलं, चार्ट काढले. समोर तिघं होते, त्यातली एक स्कॉटिश बाई बाँड फंड चालवायची, ती ऐकून घेऊन म्हणाली, "ठीक आहे, पण यातलं मार्केटला माहीत नाही असं काय आहे?"

तेव्हा मला दुकान आठवलं. आमच्याकडे हळद सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात ठेवायचे, जमिनीत खोल खणलेली कोठारं, माल आत वर्षानुवर्षं टिकतो, आणि पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं कारण आत श्वास घ्यायला हवाच नसते. तर पेव कधी उघडायचं हे यंदाचं पीक कसं आहे यावर जेवढं ठरायचं त्याहून जास्त बाकीच्या व्यापाऱ्यांना पीक कसं वाटतंय यावर ठरायचं. निजामाबादकडे पाऊस लांबला हे ज्याला आधी कळलं त्याने कमावलं. पेपरात वाचून पेव उघडणारा नुसती हमाली भरून घरी. अण्णा शिकलेले अकरावीपर्यंत, पण त्यांना हे झोपेत पण माहीत होतं.

मग मी त्या बाईंना म्हणालो की कर्ज, फोरिंट, महागाई हे आकडे सगळ्यांकडे आहेत आणि किमतीत आलेले आहेत, पण दर ठरवणाऱ्या समितीत सात जण आहेत आणि त्यातले चार या सरकारच्या पार्लमेंटने नेमलेले आहेत, गव्हर्नर आधीच्या काळातला. गव्हर्नरची भाषणं वाचून अंदाज बांधताय तर बांधा, पण मतं मोजा. नोकरी मिळाली. ऑगस्टमधे खरंच त्या चौघांनी गव्हर्नरला मतदानात हरवून दर कापला, तोपर्यंत मी रुजू झालो होतो आणि माझा तो पेपर कुणाच्या लक्षातही नव्हता. असो.

सुरुवातीचं काम म्हणजे निव्वळ गाढवमेहनत. आकडे गोळा करा, त्यातला मोसमाचा चढउतार वजा करणारी सीझनल अ‍ॅडजस्टमेंट तपासा, चार्टांची जाडजूड फाइल दर महिन्याला अपडेट करा. ब्लूमबर्गच्या टर्मिनलवर एक कॅलेंडर असतं, कुठल्या देशाचा कुठला आकडा किती वाजता येणार, त्याच्या बाजूला सगळ्या इकॉनॉमिस्टांचा एकत्रित अंदाज. आमचं आयुष्य त्या कॅलेंडरवर. ब्रिटनचे आकडे तेव्हा साडेनऊला यायचे, कोविडपासून सकाळी सातला यायला लागले, अमेरिकेचे दुपारी दीडला, तिथल्या सेंट्रल बँकेचा, म्हणजे फेडचा, निर्णय संध्याकाळी सातला म्हणजे त्या दिवशी घरी जेवायला नाही. आणि महागाई ३ आली की ३.२ याला तसा अर्थ नसतो, बाजूच्या रकान्यात किती लिहिलं होतं त्याला असतो. ३ अपेक्षित असताना ३ आली तर कुणी मान वर करून बघत पण नाही.

सकाळी सव्वाआठला मीटिंग. ज्युनियरला मिनिटभर मिळतो. गोखलेत आम्हाला सेमिनारमधे आधी साहित्याचा आढावा, मग पद्धत, मग निष्कर्ष अशी सवय, इथं उलटं, निष्कर्ष पहिल्या वाक्यात आणि बाकीचं कुणी विचारलं तर. मी "एकीकडे असं, दुसरीकडे तसं" सुरू केलं की एक पोर्टफोलिओ मॅनेजर, म्हणजे फंडाचे पैसे लावणारा, पेन खाली ठेवायचा. काही बोलायचा नाही, नुसतं पेन ठेवायचा. त्या पेनने मला जेवढं लिहायला शिकवलं तेवढं कुठल्याच कोर्सने नाही.

मग आला २०१३ चा उन्हाळा. २२ मे ला फेडचे अध्यक्ष बर्नान्के अमेरिकन काँग्रेससमोर म्हणाले की पुढच्या काही बैठकांमधे आम्ही बाँडखरेदी कमी करू शकतो. बस, एवढंच. अमेरिकेत दर चढणार म्हणून जगभरातून पैसा तिकडे परत निघाला. रुपया तेव्हा डॉलरला ५५ च्या आसपास होता, जूनच्या शेवटी ६० पार, २८ ऑगस्टला ६८ च्या वर. ब्राझील, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान यांना मॉर्गन स्टॅनली बँकेने फ्रॅजाइल फाइव्ह, म्हणजे नाजूक पाच, असं नाव दिलं आणि ते चिकटलं. मजल्यावर मी एकटाच भारतीय. आधी मी भारत बघायचो पण नाही, माझ्याकडे पूर्व युरोप होता, पण त्या तीन महिन्यांत प्रत्येकजण जाता जाता माझ्या टेबलाशी थांबायचा, जणू काही रुपया माझ्या खिशात होता.

२८ ऑगस्टचा दिवस चांगला आठवतो. आमच्याकडे सकाळ असते तेव्हा मुंबईत दुपार, आमच्या दुपारच्या साडेबाराला तिकडे चलनाचा बाजार तेव्हा बंद व्हायचा. स्क्रीनवर भाव दर सेकंदाला हलतोय, चहा गार झालेला, ती स्कॉटिश बाई मागे उभी. विचारते, कुठं थांबेल? आता याचं खरं उत्तर कुणालाच माहीत नसतं. मी म्हणालो, भाव सांगता येणार नाही, पण थांबायला काय काय घडावं लागेल ते सांगू शकतो. चालू खात्यातली तूट २०१२-१३ मधे ८८ अब्ज डॉलर होती, जीडीपीच्या ४.८ टक्के, ती भरायला डॉलर कुठून तरी यायला पाहिजेत. सोन्यावरची ड्युटी १० टक्के केली म्हणजे आयात घटेल, पण त्याला महिने लागतात. तेल कंपन्या रोज बाजारात डॉलर घ्यायला उतरतात, त्यांना रिझर्व्ह बँकेने बाजूला घेऊन थेट डॉलर दिले तर रोजचा दाब कमी होईल. तेल कंपन्यांचं नेमकं त्याच दिवशी रात्री रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं. आणि तिसरं, बाहेरून एकगठ्ठा डॉलर.

इथं एक आडवळण घेतो. एलएसईत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, आणि त्यांचा तिथला प्रबंध, जो १९२३ ला छापून आला, तो रुपयावरच आहे. गोखलेत वाचला होता, तेव्हा परीक्षेपुरता. रुपयाचा बाहेरचा भाव स्थिर ठेवायच्या नादात देशातली त्याची खरेदीची ताकद दुर्लक्षिली जाते, आणि सामान्य माणसाला दुसरी जास्त महत्त्वाची, असा त्यातला रोख. २०१३ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने रुपया सावरायला बँकांसाठीचा आपत्कालीन दर एकदम दोन टक्क्यांनी वाढवून १०.२५ केला आणि देशातल्या कर्जदारांचं कंबरडं मोडायची वेळ आली, तेव्हा तो प्रबंध मला खरा कळला. मीटिंगमधे हे सांगितलं नाही, पेन खाली गेलं असतं.

४ सप्टेंबरला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून आले. पहिल्याच दिवशी त्यांनी स्कीम जाहीर केली की बँकांनी एनआरआयंकडून परकी चलनात ठेवी आणाव्यात, डॉलर परत देताना रुपया पडलेला असेल त्याची जोखीम रिझर्व्ह बँक घेईल, वर्षाला ३.५ टक्के ठराविक दराने. लंडनमधल्या रिपोर्टांचा सूर असा की येतील थोडेफार, एवढ्याने काय होतंय. पण मला वेम्ब्ली-हॅरोच्या, म्हणजे लंडनमधल्या भारतीय वस्तीतल्या, ओळखीच्या लोकांकडून कळायला लागलं की बँकेचे फोन येतायत, म्हणतायत तुम्ही थोडे पैसे घाला, त्याच्या कित्येक पट आम्हीच कर्ज देतो, सगळं मिळून भारतात ठेवा, मधला फरक तुमचा. पैसे नसलेल्या माणसाला पण पैसे ठेवायला लावणारी योजना म्हटल्यावर पैसा येणारच. मी दोन परिच्छेदांची नोट लिहिली, त्यात मॉडेल नाही, चार्ट नाही, फक्त ही यंत्रणा कशी चालते ते. नोव्हेंबरअखेर बँकांच्या परकी कर्जासकट एकूण ३४ अब्ज डॉलर आले. आमचा फंड तोपर्यंत रुपयात परत गेला होता. तेव्हापासून भारत माझ्याकडे.

अण्णांचा त्या काळात फोन, "काय रे, पाउंड शंभराच्या वर गेला म्हणतात, तुझं लोन लवकर फिटलं की." फिटलं खरंच. देशावरचं संकट आणि आपला फायदा एकाच आकड्यात, यावर काय बोलायचं कळेना, हो म्हणालो.

आता एक मूळ प्रश्न, जो त्या ज्युनियर मुलीनेही विचारला: इकॉनॉमिस्टला पुढचं कळत असतं तर तो स्वतःच श्रीमंत नसता का झाला? बरोबर आहे. यावर आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे पैसे केन्स १९२० च्या दशकापासून १९४६ मधे वारले तोपर्यंत सांभाळत होते. सुरुवातीला त्यांनी साहजिकच इकॉनॉमिस्टसारखं केलं, मंदी-तेजीचं चक्र ओळखून शेअर, बाँड, कमॉडिटी यात आत-बाहेर. एवढा मोठा माणूस, पण १९२९ ची घसरण त्यांनाही आधी दिसली नाही. मग त्यांनी ते चक्र ओळखणं सोडलं आणि मोजक्या कंपन्या नीट समजून घेऊन धरून ठेवायला लागले, ऑस्टिन मोटर्ससारख्या, आणि त्यानंतर कॉलेजचे पैसे जोरात वाढले. म्हणजे केन्सने पैसा कमावला तो केन्स असण्याचं बाजूला ठेवून. आमच्या शेअरवाल्या टीमला ही गोष्ट फार आवडते, दर ख्रिसमस पार्टीत कुणीतरी मला ऐकवतंच.

माझं मत विचाराल तर शेअरवाल्यांना इकॉनॉमिस्टची गरज कमी, बाँडवाल्यांना आणि करन्सीवाल्यांना जास्त. सरकारी बाँड म्हणजे शेवटी सेंट्रल बँक पुढं काय करणार यावरच लावलेला पैसा, तिथं आमच्या कामाला किंमत आहे. बाकी ठिकाणी आम्ही बऱ्याचदा क्लायंटसमोर बसवायला असतो, टाय लावून.

२०१६ च्या ब्रेक्झिटच्या रात्रीबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, मी थोडक्यात आटोपतो. ऑफिसात मुक्काम, पिझ्झा, दहाला मतदान संपलं तेव्हा पाउंड दीड डॉलरला टेकलेला, मध्यरात्रीनंतर संडरलँड शहराचा ब्रेक्झिटच्या बाजूचा निकाल आला आणि पाउंड कड्यावरून खाली, सकाळपर्यंत १.३२. आम्ही दोन्ही निकालांच्या नोट्स आधीच लिहून ठेवल्या होत्या, एक पाठवली, एक डिलीट केली.

पण त्याच वर्षीचा ८ नोव्हेंबर मला जास्त शिकवून गेला. दुपारचे अडीच, सगळे अमेरिकेच्या निवडणुकीकडे डोळे लावून, आणि माझ्या फोनवर घरच्या ग्रुपवर मेसेजांचा पाऊस. भारतात रात्रीचे आठ, पाचशे-हजारच्या नोटा बंद. पहिल्यांदा वाटलं कुणीतरी फालतू फॉरवर्ड पाठवलंय. मग स्क्रीनवर हेडलाइन आली. चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा चार तासांत बाद, हे मी मीटिंग रूममधे इंग्रजीत सांगत होतो आणि समोरचे माझ्याकडे असे बघत होते की आकडा चुकला असेल. संध्याकाळी आईचा फोन, तिला अर्थव्यवस्थेशी देणंघेणं नाही, डब्यात साठवलेले पैसे अण्णांना सांगायचे की नाही हा तिचा प्रश्न. मी म्हणालो सांगून टाक. तो सल्ला मात्र मी मॉडेलशिवाय दिला.

आणि रात्री ट्रम्प. आम्हीच काय, सगळ्यांनी लिहिलं होतं की ट्रम्प आले तर शेअर पडणार. निकालाचा अंदाज आला तसे एस अँड पी या अमेरिकन शेअर निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे वायदे, रात्रीत पाच टक्के पडून थांबवले गेले, आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद होताना एक टक्का वर. म्हणजे समजा एखाद्याला आधीच्या आठवड्यात देवाने येऊन निकाल सांगितला असता, तरी त्याने शेअर विकून नुकसानच करून घेतलं असतं. तेव्हापासून नव्याने येणाऱ्या पोरांना मी हेच उदाहरण देतो. घटना ओळखणं वेगळं आणि घटनेवर लोक काय करतील ते वेगळं, आणि आपल्याला पगार दुसऱ्यासाठी मिळतो.

नोटाबंदीचा परिणाम मोजणं हे त्यानंतरचं कित्येक महिन्यांचं काम. डिसेंबरमधे दुचाकींची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा २२ टक्क्यांनी घटली, सांगलीतून कळत होतं की सौदे चेकवर अडलेत, शेतकरी माल परत नेतायत. आणि फेब्रुवारीअखेर सरकारी आकडा आला की ऑक्टोबर-डिसेंबरची वाढ ७ टक्के. आमच्या खोलीत हशा. पण चिडून उपयोग नसतो. तिमाही जीडीपी काढताना असंघटित क्षेत्राचा थेट हिशोब नसतोच, संघटित कंपन्यांच्या आकड्यांवरून त्याचा अंदाज लावतात, त्यामुळे मार बसला तिथं मोजपट्टीच पोचत नाही. हे मॅनेजरला समजावलं की तो लगेच पुढचं विचारतो: मग रिझर्व्ह बँक कुठल्या आकड्यावर निर्णय घेणार, खऱ्या की छापलेल्या? हा प्रश्न कुठल्याही सेमिनारमधल्या प्रश्नाइतकाच तगडा आहे असं मला वाटतं.

मधे सीएफए ही गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा दिली, तीन लेव्हल, नोकरी सांभाळून. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, शनिवार-रविवार गेले.

दर तिमाहीला इन्व्हेस्टमेंट कमिटी असते, तिथं मी तीन परिस्थिती मांडतो आणि प्रत्येकीला टक्के देतो. हे टक्के कुठून येतात असं बाहेरचे विचारतात. खरं सांगू, मॉडेलमधून थोडे आणि भांडणातून जास्त. मुद्दा टक्क्यांचा नसतोच, काय दिसलं तर तू मत बदलशील ते आधी लिहून दे, हा मुद्दा असतो. २०२३ साठी तर जवळजवळ सगळ्या धंद्याने अमेरिकेत मंदी येणार म्हणून लिहून दिलं होतं, यील्ड कर्व्ह उलटा झालेला, म्हणजे कमी मुदतीच्या बाँडचा दर लांब मुदतीच्यापेक्षा जास्त, ही मंदीची जुनी खूण, आणि मंदी आलीच नाही. ज्यांनी "बेकारी एवढी वाढली नाही तर आमचं चुकलं" असं आधी लिहिलेलं होतं ते वेळेत बाहेर पडले.

२०२२ च्या सप्टेंबरबद्दल मात्र सविस्तर लिहायला पाहिजे कारण तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे स्क्रीनवरचे आकडे माणसांच्या म्हातारपणाशी बांधलेले आहेत. २३ सप्टेंबर, शुक्रवार, अर्थमंत्री क्वार्टेंग यांनी ४५ अब्ज पाउंडांच्या करकपाती जाहीर केल्या, पैसे कुठून आणणार त्याचा पत्ता नाही, स्वतंत्र संस्थेचा अंदाजही सोबत जोडला नाही. ब्रिटिश सरकारी बाँड, ज्यांना गिल्ट म्हणतात, ते धडाधड विकले जायला लागले. सोमवारी पाउंड १.०३ पर्यंत, आजवरचा सगळ्यात खाली. आता गंमत अशी की इथल्या कंपन्यांच्या जुन्या पेन्शन योजना, ज्यात निवृत्तांना ठराविक रक्कम द्यायची हमी असते, त्यांनी दर पडल्यास नुकसान नको म्हणून गिल्ट उसन्या पैशावर घेऊन ठेवलेले. दर वाढले की भाव पडतो, भाव पडला की उसने देणारा म्हणतो तारण वाढवा, तारणाला रोकड नाही म्हणून गिल्ट विकायचे, विकले की भाव अजून पडतो. तीस वर्षांच्या गिल्टचा दर काही दिवसांत ५ टक्क्यांच्या वर गेला.

बुधवारी सकाळी मला एका पेन्शन फंडाच्या ट्रस्टींच्या कॉलवर घेतलं. ट्रस्टींमधे एक निवृत्त कामगार प्रतिनिधी होते, यॉर्कशरच्या बोलीत सरळ विचारलं, आमचं पेन्शन गेलं का? मी म्हणालो, नाही, उलट कागदावर तुमची योजना मागच्या महिन्यापेक्षा सुस्थितीत आहे, कारण दर वाढले की भविष्यात द्यायच्या रकमेचं आजचं मूल्य घटतं. मग भांडण कशाचं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत लागणाऱ्या रोकडीचं. ते म्हणाले, हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि कॉलवर कुणीच बोलेना. अकराच्या सुमाराला बँक ऑफ इंग्लंडने जाहीर केलं की आम्ही लांब मुदतीचे गिल्ट विकत घेऊ, ६५ अब्जांपर्यंत तयारी ठेवली होती, प्रत्यक्षात १९.३ अब्जच घ्यावे लागले. जाहीर होताच दर एका दिवसात एक टक्क्यानं खाली. तीस वर्षांचा बाँड असा हलताना मी आधी कधी पाहिला नव्हता आणि परत पाहायची हौस नाही.

भारताचं काम आता वाढलंय. सप्टेंबर २०२३ मधे जेपी मॉर्गनने जाहीर केलं की भारताचे सरकारी बाँड त्यांच्या इंडेक्समधे, म्हणजे बाँडच्या निर्देशांकात, घेणार, २८ जून २०२४ पासून दर महिन्याला एक टक्का करत १० टक्क्यांपर्यंत. इंडेक्स धरून चालणाऱ्या फंडांना मग आवडो न आवडो भारत घ्यावाच लागतो. आमच्या टीमला घेऊन मुंबईला गेलो. सगळ्यांना वाटतं अशा दौऱ्यात मोठमोठे मंत्री भेटतात, आमचा एक मोठा वेळ गेला दादरला, एस. के. बोले रोडवर, क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या इमारतीत, व्यवहार सेटल कसे होतात, म्हणजे बाँड आणि पैसे एकमेकांकडे कसे पोचतात, ते समजून घेण्यात. बऱ्याच देशांचे बाँड युरोक्लिअर या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेवर बसल्या जागी सेटल होतात, भारताचे होत नाहीत, इथं रजिस्ट्रेशन लागतं, पॅन कार्ड लागतं, कागदांवर कागद. शेकडो कोटींचा निर्णय, आणि आमचा मॅनेजर मला विचारतोय की पॅन म्हणजे काय. बाहेर आल्यावर त्या सगळ्यांना दादरच्या प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा खाऊ घातला आणि पियुष पाजलं, भारताबद्दलचं त्यांचं मत बाँडपेक्षा त्याने जास्त सुधारलं असावं.

आता त्या ज्युनियर मुलीने विचारलेले बाकीचे प्रश्न. पीएचडी लागते का? सेंट्रल बँकेत, आयएमएफमधे जायचं असेल तर बऱ्याचदा लागते, आमच्याकडे नसली तरी चालतं, असली तर इंटरव्ह्यूला बोलावतात पण मग दोन परिच्छेदांत लिहायला नव्याने शिकावं लागतं. प्रोग्रॅमिंग? पायथन यायलाच पाहिजे, आता त्यावर चर्चा नाही. पगार सेल साइडपेक्षा कमी, विद्यापीठापेक्षा पुष्कळ जास्त, बोनस वरखाली. मंदीत पहिला घाव इकॉनॉमिस्ट टीमवर पडतो कारण आमच्या नावावर नफा लिहिलेला नसतो, ही धास्ती कायम असते आणि ती बायकोलाही माहीत असावी लागते. मुंबईत राहून हे काम करता येतं का? येतं, म्युच्युअल फंडांकडे छोट्या टीम आहेत, तिथं उलट सगळं एकट्याने बघायला मिळतं आणि सकाळी लोकलमधे रिझर्व्ह बँकेचं पत्रक वाचून होतं.

आणि अर्ज करताना बायोडेटाबरोबर एका देशावरची एक पानाची नोट जोड, असं तिला सांगितलंय. भारतावर नको, भारतीय मुलीने भारतावर लिहिलं की कुणी उघडत नाही. तिने इजिप्त घेतलाय. पहिला मसुदा आलाय, चांगला आहे, फक्त निष्कर्ष शेवटच्या ओळीत आहे, तो वर घे म्हणून परत पाठवलाय.